सीझन संपेपर्यंत सांगायचं नाही

सुधीर, चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे, कारण तुझ्या आईंना ते बरं वाटायचं. त्या गेल्यावरही सवय राहिली. गेले पंधरा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर मी 'ह्यांना शेवटी फार त्रास झाला नाही' हेच वाक्य म्हणत होते. आज घरात कोणी नाही. आपल्या लेकीला, गार्गीला, काल चांगी विमानतळावर सोडून आले. आता अरे-तुरे करून भांडायला हरकत नाही.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलून गेले. तुझ्या रविवारच्या क्रिकेट लीगमधले आठ-दहा जण एकदम आले होते. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, इतकी वर्षं अंपायरिंग केलं, पण सुधीरदांनी एक निर्णय चुकीचा दिला नाही." मी चहा बघायला आत गेले. थांबले असते तर बोलून गेले असते.

चुकीचा दिला होतास की. एका पोराला पायचीत दिलंस आणि घरी येऊन जेवलाच नाहीस. बॅट आधी लागली होती असं तुला नंतर वाटायला लागलं. संध्याकाळी उठलास, एमआरटीच्या ट्रेनने एक स्टेशन पुढे आंग मो किओला गेलास, त्या पोराचा ब्लॉक शोधून काढलास आणि त्याच्या दारात उभा राहून 'माझं चुकलं' म्हणून आलास. तो बिचारा घाबरला होता, त्याला वाटलं काका आणखी कसली शिक्षा द्यायला आलेत. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता! आज तीच गोष्ट आठवली की तोंड कडू होतं. अनोळखी पोराच्या दारात जाऊन चूक कबूल करणारा माणूस आपल्याच घरात तीन महिने एवढी मोठी चूक करत राहिला, आणि कबूल न करताच गेला.

मुळात ते अमेरिकन फुटबॉल आपल्या घरात आलं गार्गीमुळे. शाळेच्या बँडमध्ये ती ट्रॉम्बोन वाजवायची. अमेरिकेतल्या त्या मक्याच्या शेतांमधल्या विद्यापीठात गेली, तर तिथेही बँडमध्ये शिरली. शनिवारी संध्याकाळी तिकडे सामना असला की आपल्याकडे रविवारची सकाळ. तू खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून पिशवीतली कॉफी, ती कोपी, आणि प्राटा पराठे घेऊन यायचास आणि टीव्हीसमोर बसायचास. खेळ बघायला नाही, बँड बघायला. तोही दाखवायचे तीन-चार सेकंद. दोनशे पोरं, सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी. "डावीकडून चौथी," तू म्हणायचास. दर वेळी चौथीच कशी असेल, हे मी कधी विचारलं नाही.

मग एक दिवस तू एकदम ताठ बसलास. एका संघाने चेंडूला लाथ मारून तो लांब उडवला, चेंडू जमिनीवर पडून घरंगळायला लागला, आणि लाथ मारणाऱ्या संघाची चार दांडगी माणसं त्याच्याभोवती कमरेवर हात ठेवून नुसती बघत उभी! "अरे, उचला की!" तू ओरडलास. "मेधा, हे बघ, चेंडू पडलाय आणि हे लग्नाला आल्यासारखे उभे आहेत."

ज्या माणसाला पायचीतचा नियम पोटकलमांसकट पाठ, त्याला हे कसं सहन होणार? सामना संपल्यावर गार्गीला फोन. "विचारून सांगते," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती फोनवर तयारी करूनच आली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्यांदा लाथ मारून चेंडू समोरच्यांना लांब देऊन टाकायचा. त्याला पंट म्हणतात. एकदा पंट मारला की चेंडू त्यांचा. तुम्ही तो नुसता थांबवू शकता, घेऊ शकत नाही. समोरच्याचा हात लागून त्याच्याकडून सुटला तरच तुम्ही उचलायचा.

"पण मघाशी सामना सुरू होताना लाथ मारली, तेव्हा तर ह्यांनीच उचलला!"

"तो किकऑफ, बाबा. किकऑफला दहा यार्ड गेला की कोणाचाही. पंटला तसं नाही ला," ती तिचं सिंगापुरी शेपूट लावून म्हणाली.

"का? लाथ तर लाथच ना?"

"आय डोन्ट नो का! रूल आहे!"

'का' ह्या शब्दावर तुम्ही दोघांनी दोन वर्षं काढली. झेल घेणाऱ्याने हात हलवून खूण केली की त्याला कोणी हात लावायचा नाही, पण मग त्यानेही झेल घेतल्यावर पळायचं नाही. का? पंट समोरच्याच्या हातून सुटला आणि आपण उचलला, तर चेंडू आपला, पण तो घेऊन पुढे पळायचं नाही. का? समोरच्यालाच ढकलून चेंडूवर पाडलं, तर त्याचा स्पर्श धरायचा का? नाही धरायचा, हे तू एका रविवारी स्वतः शोधून काढलंस आणि असा हसलास जसा काही तो नियम तूच केलास. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असे. मला त्यात काडीचा रस नव्हता. पण बापलेकीचा आवाज येतोय, एवढ्यावर माझा रविवार चांगला जायचा. हे तुला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये गार्गी तिसऱ्या वर्षासाठी परत गेली आणि दहा दिवसांत तुझा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलेला. डॉक्टरीणबाई फार नीट बोलल्या, काही लपवलं नाही. महिने म्हणाल्या, वर्षं म्हणाल्या नाहीत. घरी येऊन बूट काढलेस, पाणी प्यायलास, आणि जेवणाच्या टेबलाशी बसून निकाल दिलास.

"गार्गीला सांगायचं नाही. सीझन संपेपर्यंत."

"कुठला सीझन?"

"फुटबॉलचा. नोव्हेंबरअखेर संपतो. डिसेंबरात ती येणारच आहे."

"ती बँड वाजवते, सुधीर. खेळत पण नाही."

"ट्रॉम्बोनवाल्यांची सेक्शन लीडर झालीये ह्या वर्षी. पहिल्यांदा. कळलं की सगळं टाकून येईल. नको."

"आणि मी काय करू?"

"तू आहेस ना इथे," तू म्हणालास. जसं काही हेच उत्तर होतं.

मी ऐकलं. ह्याची मला सर्वांत जास्त चीड येते, माझी. इतकी वर्षं ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याचा पगार घेतला, आणि घरात समोर उभी असलेली चूक मी मान खाली घालून पाळली.

मग सुरू झालं खोटं बोलणं. दर रविवारी सामना संपल्यावर फोन. तुझे गाल आत गेले तसा तू कॅमेरा बंद ठेवायला लागलास. "नेट स्लो आहे गं." सिंगापुरात नेट स्लो! आणि गार्गी "ओके बाबा" म्हणाली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी मात्र माझ्या खोट्याची पुढची ओळ जुळवण्यात गुंतले होते. बाबा सध्या चालायला जातात, म्हणून बारीक झालेत. बाबांनी अंपायरिंगला सुट्टी घेतलीये, ऊन फार आहे. बाबा झोपलेत. बाबा खाली गेलेत. ह्या शेवटच्या वाक्यात तरी खोटं नव्हतं. दर बुधवारी संध्याकाळी तू "जरा खाली बसून येतो" म्हणून लिफ्टने उतरायचास. मी कॉरिडॉरच्या कठड्यावरून वाकून बघायचे. समोरच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेतल्या दगडी स्टुलावर तू फोन घेऊन बसलेला दिसायचास. मला वाटायचं, पंटचे व्हिडिओ बघतोस. बघू दे, म्हणायचे. तेवढीच करमणूक.

ऑक्टोबरमधला तो रविवार तुला आठवत असणारच. आपल्या, म्हणजे गार्गीच्या संघाने पंट मारला. चेंडू पडला, आपल्याच एका माणसाने तो अडवायला हात घातला, हाताला लागून चेंडू निसटला. समोरच्याने उचलला, पळाला, कोणीतरी त्याला आडवा केला, चेंडू त्याच्या हातून उडाला आणि आपल्या पोरांनी त्यावर उडी घातली. तू इतका अशक्त, पण खुर्चीतून उठलास. "आपला! आपला बॉल!"

मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "नाही. आधी आपल्याच माणसाचा हात लागलाय. जिथे लागला तिथूनच त्यांना मिळणार. पुढे काय झालं त्याला अर्थ नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

रेफरीने मैदानाच्या मध्ये उभं राहून नेमकं तेच सांगितलं. लाथ मारणाऱ्या संघाने आधी स्पर्श केला, की समोरच्याला मोकळं रान. त्याने उचलून पळावं. पुढे गेला तर फायदा, चेंडू गमावला तरी स्पर्शाची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली. तू टीव्हीकडे बघत राहिलास. मग फोन लागला आणि तू गार्गीला म्हणालास, "मी लगेच ओळखलं, आपला बॉल नाही म्हणून!"

मी भाजीची परात उचलून आत गेले. हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही. तुला वाटलं मी रागावले. दोन दिवस माझ्याशी जपून बोललास, पण 'तुझं बरोबर होतं' एवढे तीन शब्द काही तुझ्या तोंडून निघाले नाहीत. त्या भांडणाचा निकाल अजून बाकी आहे, आणि तो माझ्या बाजूने आहे.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. सीझनचे दोन सामने उरले होते. मी खिडकीशी उभी राहून गार्गीला फोन लावला. पहिलं वाक्य ठरवलं होतं. बाबांना बरं नाही, असं म्हणायचं, आणि मग हळूहळू. मी "गार्गी, बाबांना…" एवढंच म्हटलं.

ती म्हणाली, "गेले का, आई?"

मला वाटलं, पोटच्या पोरीला आतून कळतं म्हणतात, ते हेच. हेही मी लोकांना सांगत होते, पहिले चार दिवस. लोक डोळे पुसत होते.

तिला पोचायला दीड दिवस लागला. तोवर आम्ही तुला ठेवलं. मग मंडाई. सिंगापूरच्या स्मशानाचं हे नाव पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू किती हसला होतास! 'पुणेकराला वाटेल, भाजी आणायला पाठवतायत.' मला तिथे, त्या गार हॉलमध्ये, ते आठवलं आणि हसू फुटलं. गार्गीने माझा हात दाबला. तिला वाटलं हुंदका आहे.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही तुझी औषधं आवरत होतो. मी एक डबी हातात घेऊन बघत होते, ही कधीची. गार्गी सहज म्हणाली, "ती केमोच्या थर्ड सायकलनंतर बंद केली ना. उलट्या व्हायच्या त्याने."

मी डबी खाली ठेवली. "तुला कसं माहीत?"

ती दुसरी डबी पिशवीत टाकायला लागली.

"गार्गी, तुला कसं माहीत?"

"बाबांनी सांगितलं." मग एकदम भडाभडा. "सप्टेंबरमध्येच सांगितलं. ही सेड, आईला कळू देऊ नकोस की तुला माहितीये. एव्हरी वेन्सडे ही कॉल्ड मी. फ्रॉम द व्हॉइड डेक."

मी खाली बसले. तू माझ्याकडून शपथ घेतलीस की लेकीला सांगायचं नाही. लेकीला स्वतः सांगितलंस. आणि तिच्याकडून शपथ घेतलीस की आईला कळू द्यायचं नाही. तीन महिने दर रविवारी मी तिच्याशी खोटं बोलत होते, ती ते खोटं आहे हे ओळखून 'ओके आई' म्हणत होती, आणि तू मधे बसून पंटचे नियम सांगत होतास!

"का?" मी विचारलं. "मला का नाही कळू द्यायचं?"

"बाबा म्हणाले, आईला वाटतंय ती तुला प्रोटेक्ट करतेय. शी कान्ट डू एनिथिंग एल्स. तेवढं तिच्याकडे राहू दे."

सुधीर, असला दयाळूपणा तुला कोणी सांगितला होता? माझ्या हातात काही नाही म्हणून मला एक खोटं सांभाळायला दिलंस? लहान मुलाला कणकेचा गोळा देतात तसं?

आणि पुढचं ऐक. म्हणजे तुला माहीतच आहे, मला नव्हतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत तिने तिकीट काढलं होतं. पाच दिवस येणार होती. तू ते रद्द करायला लावलंस. ती आली तर मला कळेल, म्हणून. "मी भांडले, आई," गार्गी म्हणाली. "आय शुड हॅव जस्ट कम. मी ऐकलं. व्हाय डिड आय लिसन?" ती रडत होती, आणि मला तिला सांगता येईना की ऐकल्याबद्दल मी तिला काय बोलणार, मीही तेच केलं होतं.

मी तिला विचारलं, बुधवारी तुम्ही बोलायचात काय? मला वाटलं, पंट.

"नो. आधी ते रडायचे. ही वॉज सो स्केअर्ड, आई. मग शांत झाले की म्हणायचे, चल, आता एक रूल सांग."

एकतीस वर्षं एका घरात राहिले तुझ्याबरोबर. तुला भीती वाटते हे मला लेकीकडून कळलं. माझ्यासमोर तू शेवटपर्यंत अंपायरसारखा उभा राहिलास. भीती तिच्यापाशी, आणि माझ्यापाशी 'नेट स्लो आहे'. मी काय मोडून पडले असते? कदाचित पडले असते. मग पडले असते! बायको होते तुझी. दोघांनी मिळून घाबरायचं, हेही लग्नातच येतं.

दहाव्या दिवसानंतरच्या रविवारी सीझनचा शेवटचा सामना होता. गार्गीने टीव्ही लावला. बँड दिसला, चार सेकंद. तिची जागा भरून काढली होती, मधे कुठे फट नव्हती. एक पंट झाला. मी म्हटलं, "हात हलवला त्याने, आता पळणार नाही." गार्गीने माझ्याकडे वळून बघितलं. "आई, तुला येतं हे?"

"कानावर पडून पडून. तुला आवडतं म्हणून तुझे बाबा शिकले, मला ऐकावं लागलं."

"मला?" ती म्हणाली. "मला फुटबॉल आवडतच नाही ला. आय ओन्ली लाइक द बँड. आमच्या ड्रमवाल्या मुलाला विचारून विचारून मी बाबांसाठी शिकले. ते इतके क्वेश्चन्स विचारायचे!"

ह्या घरात तीन माणसांनी तो अवघड नियमांचा खेळ शिकून घेतला, आणि तिघांतल्या एकालाही तो खेळ नको होता. तुला ती हवी होती, तिला तू, मला तुम्ही दोघं. मग दोघी हसलो, पोट दुखेपर्यंत. तुझ्या जाण्यानंतरचं ते पहिलं खरं हसू. त्याबद्दल तुझे आभार मानायला हवेत. मानते. तू लेकीशी बोलण्यासाठी पन्नाशी उलटल्यावर एका परक्या खेळाचे नियम घोकत बसलास. असे बाप मी फार पाहिलेले नाहीत. तेही खरं आणि हेही खरं, की तूच तिला तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाहीस.

काल चांगीला तिची बॅग आत गेल्यावर ती वळली. परीक्षा आहे, संपली की डिसेंबरात येणार आहे. नेहमीसारखी मिठी मारून गेली नाही. समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तू बरी आहेस? डोन्ट से ओके."

माझ्या तोंडात 'ओके' तयार होतं. तीन महिन्यांचा सराव. मी ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात बरी नाही. घरी जायची भीती वाटतेय मला."

"मलाही," ती म्हणाली. "मी पण नाही बरी."

मागची रांग आमच्या बाजूने वळसा घालून पुढे जात होती आणि आम्ही दोघी वाटेत उभ्या राहून रडत होतो, मोठ्याने, लोक बघतायत ह्याची पर्वा न करता. मग तिने नाक पुसलं आणि गेली. मी एकटी एमआरटीने घरी आले. 'बरं नाही, भीती वाटतेय', एवढंच तर आपणही बोलायला हवं होतं, सुधीर. तू असताना, तुला मधे घेऊन, तिघांनी.